पारा आणि शेकोटी

दर हिवाळ्यात निफाडचं नाव वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर एकदा तरी येतंच. ‘निफाडचा पारा घसरला’ असा मथळा, खाली धुक्यातल्या द्राक्षबागेचा फोटो आणि पाच-सहा अंशांचा, एखाद्या वर्षी त्याहूनही खालचा आकडा. हा आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदला जातो. पुण्या-मुंबईचा वाचक तो चहाबरोबर वाचतो, ‘बाप रे’ म्हणतो आणि पान उलटतो. आमच्याकडे पेपर येईपर्यंत त्या आकड्याचं काम संपलेलं असतं. ज्याच्या बागेत मण्यांत पाणी उतरलंय, तो माणूस रात्री दोन-तीनलाच उठून बांधाबांधाने पालापाचोळा आणि ओलसर काटक्या पेटवत फिरत असतो. ठिबक चालू केलेलं असतं, कारण विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा ऊबदार असतं आणि बागेचा गारठा थोडा तरी मोडतं. त्या एक-दोन अंशांवर मणी तडकणार की टिकणार हे ठरतं. तडकलेला मणी घडात राहिला की शेजारचेही नासवतो. सहा महिन्यांच्या मेहनतीला एक रात्र पुरते.

मी पुण्यात बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली. तिथे आकड्यांची कमी नव्हती. भिंतभर तक्ते, दर पंधरवड्याला नवा आलेख, ‘व्हेलॉसिटी’ नावाची एक चीज जी दर तिमाहीत वाढलीच पाहिजे असा दंडक. पण त्यातला एकही आकडा पाहून कुणी रात्री उठलेलं, किंवा दिवसाढवळ्या तरी हातातलं काम सोडून दुसरं धरलेलं, मला फारसं आठवत नाही. आकडा लिहिला जायचा, वर पाठवला जायचा, वरचा माणूस तो आणखी वर पाठवायचा. पाऱ्याची नोंद चोख होती, शेकोटी पेटत नव्हती.

या पुस्तकाच्या लेखिका माझ्या जुन्या सहकारी. त्यांनी प्रस्तावना मागितली तेव्हा मी म्हणालो, मी आता अर्धा शेतकरी झालोय, अजाइलवर लिहायला दुसरा कुणी बघा. त्या म्हणाल्या, म्हणूनच तुम्ही लिहा. तेव्हा जे लिहितो ते निफाडला बसून, बागेच्या कडेच्या खोलीत, आणि वाचकाने तसंच समजून वाचावं.

आधी शब्दाचं बघू. ‘अजाइल’चं मराठी ‘चपळ’ असं केलं जातं आणि घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते. चपळ म्हटलं की वेग आला, वेग म्हटला की साहेबाच्या डोळ्यात चमक आली. लेखिकेने शब्द आहे तसाच ठेवलाय, ते बरंच केलं. मला विचाराल तर या कल्पनेच्या सगळ्यात जवळ जाणारा मराठी शब्द ‘वाफसा’ आहे. पाऊस पडून गेल्यावर माती चिखलही नसते आणि कोरडीही नसते, औताला बरोबर साथ देते, ती अवस्था म्हणजे वाफसा. पंचांगात पेरणीचा दिवस काढलेला असला तरी शेतकरी पायाने ढेकूळ फोडून बघतो आणि मग ठरवतो. थांबणं आणि धावणं दोन्ही त्यात आहे. मातीला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हे त्यातलं मुख्य.

आता थोडा इतिहास, कारण आपल्याकडे ही पद्धत थेट प्रमाणपत्राच्या रूपात आली आणि तिचा जन्मदाखला फार कुणी पाहिला नाही. १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी मोठी सॉफ्टवेअर कशी बांधावीत यावर एक निबंध लिहिला. त्यात गरजा, आराखडा, कोड, चाचणी अशा एकाखाली एक उतरणाऱ्या पायऱ्यांचं चित्र होतं, आणि त्याखालीच त्यांनी लिहिलं होतं की असं सरळसोट गेलात तर धोका आहे. लोकांनी चित्र उचललं, इशारा सोडला. पुढे त्यालाच ‘वॉटरफॉल’ नाव पडलं. १९८६ मध्ये हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त एक लेख लिहिला. होंडाची मोटार, कॅननचा कॅमेरा, फुजी-झेरॉक्सचं कॉपियर यंत्र बनवणारे गट त्यांनी पाहिले होते. त्यांचं म्हणणं असं की हे गट रिले शर्यतीसारखे एकाने संपवून दुसऱ्याच्या हाती काठी देत नाहीत; रग्बीच्या संघासारखे चेंडू आपापसांत देत सगळे मिळून मैदानभर पुढे सरकतात. ‘स्क्रम’ हा रग्बीतला शब्द तिथून आला. जेफ सदरलंड आणि केन श्वेबर यांनी १९९० च्या दशकात त्याला सॉफ्टवेअरमध्ये आणलं आणि १९९५ मध्ये जाहीरपणे मांडलं.

यातली एक गोष्ट विसरली जाते. ही कल्पना मुळात लोखंड, काच आणि प्लॅस्टिकच्या वस्तू बनवणाऱ्यांकडे पाहून सुचली होती. त्यामुळे आज मोटारी, पंप, वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या ‘आम्हालाही अजाइल व्हायचंय’ म्हणतात तेव्हा ते सॉफ्टवेअरवाल्यांचं अनुकरण नसतं. माहेरवाशीण परत घरी आली, एवढंच.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ ठिकाणी सतरा जण तीन दिवस जमले आणि एका पानाचा जाहीरनामा घेऊन उतरले. चार जोड्या आणि त्यामागे बारा तत्त्वं. जोड्यांचा आशय साधा: माणसं आणि त्यांचा आपसातला व्यवहार, चालणारी वस्तू, गिऱ्हाइकाची सोबत आणि बदलाला दिलेली दाद, या चार गोष्टींना प्रक्रिया, कागद, करार आणि आराखडा यांच्यापेक्षा जास्त वजन द्यावं. दुसरी बाजू टाकाऊ आहे असं ते कुठेच म्हणत नाहीत. पण आपल्या कार्यालयांमध्ये जे झालं ते पाहून हसावं की रडावं कळत नाही. ज्या कागदाने प्रक्रियेला दुय्यम म्हटलं, त्याच्या नावाने जगातली सगळ्यात जाडजूड प्रक्रिया उभी राहिली.

माझा स्वतःचा एक अपराध इथे नोंदवतो. पुण्यातल्या एका कंपनीत असताना आम्ही बाजार समितीच्या लिलावाच्या नोंदी मोबाइलवर घेणारं ॲप बनवत होतो. अकरा स्प्रिंट, म्हणजे पंधरवड्याचे कामाचे टप्पे, झाले. प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी डेमो, टाळ्या, रेट्रो म्हणजे मागे वळून बघण्याची सभा, रंगीत चिठ्ठ्या. व्हेलॉसिटीची रेघ शिडीसारखी चढत गेलेली. मग एकदाचे आम्ही यार्डात गेलो. ज्याने कांद्याचा लिलाव पाहिला नाही त्याच्यासाठी सांगतो: ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप ओळीने उभे असतात, व्यापाऱ्यांचा घोळका एका वाहनाजवळून दुसऱ्याकडे सरकतो, कुणी मूठभर कांदा उचलून दाबून बघतो, बोली चढते, थांबते, आणि भाव लिहून पावती फाडेपर्यंत घोळका पुढच्या वाहनाशी पोचलेलाही असतो. सगळं मिळून मिनिटभर, कधी त्याहून कमी. आमच्या ॲपमध्ये एका नोंदीला सात ठिकाणी बोट लावावं लागायचं. नोंदी घेणाऱ्या कारकुनाने दोन वाहनांपुरता प्रयत्न केला, तिसऱ्याला मोबाइल खिशात टाकला आणि पावतीपुस्तक काढलं. काही बोललाही नाही. बोलायला त्याला वेळच नव्हता.

लाज याची वाटते की मी निफाड तालुक्यातला. लासलगावचा लिलाव मी शाळेत असल्यापासून पाहिलेला. १९४७ साली सुरू झालेल्या त्या बाजार समितीच्या आवारात वडिलांबरोबर ट्रॉलीवर बसून किती सकाळी काढल्या असतील. हे सगळं ठाऊक असलेला माणूस संघात बसलेला असताना अकरा स्प्रिंटमध्ये एकदाही कुणाला, मलाही, यार्डात जावंसं वाटलं नाही. कारण आमच्या लेखी काम नीट चाललं होतं. तक्ता हिरवा होता.

अजाइलचा मथितार्थ कुणी एका वाक्यात मागितला तर मी एवढंच सांगेन: केलेलं आणि कळलेलं यांच्यातलं अंतर कमी करा. स्प्रिंट, स्टँड-अप, बॅकलॉग ही त्यासाठीची अवजारं. अंतर कमी होत नसेल तर अवजार कितीही चकचकीत असो, ते फक्त खुंटीला शोभतं.

लेखिकेने स्टँड-अपवर एक अख्खं प्रकरण दिलंय आणि ते मला फार आवडलं, कारण त्यात त्या सभा मोडायला सांगत नाहीत, जागा बदलायला सांगतात. आमच्या तात्यांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची, रोज सकाळची बागेतली फेरी मी आता जवळून बघतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की ही फेरी चुकत नाही. डोळे फुटले का, पोंग्यात घड दिसतोय की जिरतोय, पानाच्या पाठीमागे डावणी उतरलीय का, शेंडा कुठे मारायचा. फेरीला आमचा गडी असतो, कधी औषधं सांगणारा कृषी पदवीधर असतो. तिघे बोलतात ते वेलीसमोर उभं राहून. मी पहिल्या हंगामात जुन्या सवयीने वही काढली आणि विचारलं, “तात्या, काल काय काय झालं आणि आज काय करायचं, ते आधी लिहून घेऊ का?” तात्या म्हणाले, “कालचं मला माहितीये. आजचं ती सांगंल,” आणि वेलीकडे बोट केलं.

काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे तीन प्रश्न आपल्याकडे अजून आरतीसारखे म्हटले जातात. गंमत अशी की स्क्रमची जी अधिकृत मार्गदर्शिका सदरलंड आणि श्वेबर वेळोवेळी सुधारून काढतात, तिच्या २०२० च्या आवृत्तीतून हे प्रश्न काढून टाकले गेले. मूर्ती विसर्जित झाली, आरती चालू आहे. लेखिकेचा उपाय असा की संघाने माणसामाणसाला हजेरी विचारू नये. वस्तू समोर ठेवून कामाच्या तक्त्यावर उजवीकडून डावीकडे, म्हणजे गिऱ्हाइकाच्या सगळ्यात जवळ पोचलेल्या कामापासून मागे, चालत यावं. हे अडलंय ते कशाने? याला आज कोण हात लावेल? तात्यांची फेरी काही वेगळी नाही.

स्टोरी पॉइंटचंही तसंच. कामाचा आकार अंदाजाने मोजण्याची ही युक्ती काढणाऱ्यांपैकी एक समजले जाणारे रॉन जेफ्रिज यांनी नंतर स्वतःच लिहिलं की ती आपण काढली असेल तर आता त्याचा पस्तावा होतो. आपल्याकडे मात्र पॉइंटवरून वार्षिक बढत्या ठरल्याचं मी पाहिलंय.

आता एका अशा विषयाकडे येतो ज्यावर परदेशी पुस्तकांत फारसं काही सापडत नाही आणि या पुस्तकात आहे, म्हणून ते मला मोलाचं वाटतं. तो म्हणजे कराराचा. बागेत मजुरांच्या टोळ्या येतात, पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या पुष्कळ. काम दोन तऱ्हेने देता येतं, रोजाने किंवा उक्तं. विरळणी, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने काढण्याचं काम, उक्तं दिलं की टोळी एकर झपाट्याने उरकते आणि घडाच्या पोटातले मणी तसेच राहतात. रोजाने दिलं की घड सुंदर होतात, पण मणी काचेसारखे कडक व्हायला लागले तरी निम्मी बाग बाकी असते. आपल्याकडच्या आयटीचा पाव शतकाचा इतिहास या दोन शब्दांत बसतो. परदेशी गिऱ्हाईक म्हणतं, रक्कम ठरवा, तारीख ठरवा, यादी ठरवा, आणि शिवाय अजाइल राहा. म्हणजे उक्तं काम, पण रोजाच्या निगुतीने. मग दर पंधरवड्याला स्प्रिंट साजरे होतात आणि बदल मागितला की ‘ते स्कोपमध्ये नाही’ हे उत्तर तयार असतं.

यावर तात्यांची रीत अशी: काम उक्तंच द्यायचं, पण पहिल्या दिवशी दोनच ओळी. त्या ओळींत टोळीतल्या बायांबरोबर स्वतः उभं राहायचं, कसा घड हवा ते कात्री हातात घेऊन दाखवायचं, त्यांचं ऐकायचं, कारण दहा बागा पाहिलेल्या हातांना आपल्या बागेचं आपल्यापेक्षा जास्त कळतं, आणि मग बाकीच्या एकरांचा भाव बोलायचा. कधी भाव वाढतो, कधी कमी होतो. लेखिकेने कराराच्या प्रकरणात जवळजवळ हेच सुचवलंय: आधी छोटा, पैसे मोजून दिलेला टप्पा, त्यात दोन्ही बाजूंनी शिकायचं, मग पुढचं ठरवायचं, आणि दर टप्प्यावर थांबण्याची मुभा दोघांनाही ठेवायची. हे वाचून कायदा विभागातले लोक कपाळाला आठ्या घालतील. घालू देत.

‘झालं’ म्हणजे काय झालं, हा प्रश्न तर द्राक्षवाल्याने कुणाकडून शिकायची गरजच नाही. २०१० साली भारतातून युरोपला गेलेली द्राक्षं अडकली. मणी टपोरे, साखर भरलेली, रंग हवा तसा. पण वेलीची वाढ आवरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत तोवर ते रसायनच नव्हतं. निर्यातीच्या बागांची प्लॉटनिहाय नोंद ठेवणारी, अपेडा या सरकारी निर्यात संस्थेची ‘ग्रेपनेट’ व्यवस्था २००६ पासून चालू होती, नमुने तपासले जात होते, अहवाल स्वच्छ येत होते. कंटेनर तिकडे पडून राहिले आणि इकडे अनेक बागायतदार कर्जात गेले. नंतर ते रसायन यादीत आलं आणि वापराचे नियम कडक झाले.

सॉफ्टवेअरमधल्या ‘डेफिनिशन ऑफ डन’वर मी डझनभर तरी कार्यशाळा ऐकल्या असतील. या एका हंगामाने जे शिकवलं ते त्यांपैकी एकीतही नव्हतं. यादी पूर्ण करणं आणि काम पूर्ण होणं यांत फट असते, आणि ती फट शेवटच्या टोकाला, गिऱ्हाइकाच्या ताटापाशी, दिसते. म्हणून ‘झालं’ची यादी संघाने खोलीत बसून एकदाच लिहायची नसते, प्रत्येक फजितीनंतर तिच्यात एक ओळ वाढते. चाचण्या स्वयंचलित करणं, कोड दोघांनी मिळून लिहिणं, दररोज सगळं एकत्र जोडून बघणं या केंट बेक यांच्या ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’मधल्या सवयी मला म्हणूनच सभांपेक्षा महत्त्वाच्या वाटतात. आपल्याकडे सभा आल्या आणि या सवयी बंदरातच राहिल्या, कारण सभा लावायला पैसे लागत नाहीत. जाता जाता सांगायला हवं की या सवयी ज्या क्रायस्लर कंपनीच्या पगारपत्रक प्रकल्पात घडल्या तो प्रकल्प पुढे २००० साली बंदच झाला. पद्धत चांगली म्हणून काम तगतंच असं नाही. हे लेखिकेनेही कुठे दडवलेलं नाही.

आता मर्यादांचं. निफाड तालुका या बाबतीत मोठा गमतीचा आहे. लासलगावला कांद्याचा निकाल मिनिटात लागतो. बागेत हंगामात लागतो. कुंदेवाडीला गव्हाचा निकाल लागायला दहा वर्षं जातात: ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’ असे वाण या केंद्राने दिले, आणि कुठल्याही नव्या वाणाचा पहिला संकर झाल्यापासून तो शेतकऱ्याच्या पोत्यात पडेपर्यंत साधारण एवढाच काळ लागतो. गव्हाला स्टँड-अप घेऊन लवकर ओंबी येत नाही. आणि ओझरला १९६४ पासून लढाऊ विमानं बांधणारा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे, मिगपासून सुखोईपर्यंत. ‘तेजस’चं पहिलं उड्डाण बेंगळुरूला ४ जानेवारी २००१ रोजी झालं, स्नोबर्डची बैठक त्यानंतर पाचच आठवड्यांनी. ओझरमध्ये बांधलेल्या ‘तेजस मार्क-१ए’ने आकाश पाहिलं ते ऑक्टोबर २०२५ मध्ये. या काळात अजाइलच्या किती लाटा आल्या आणि ओसरल्या.

मग काय, विमानवाल्यांनी हा नाद सोडावा? स्वीडनच्या साब कंपनीचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. ‘ग्रिपेन-ई’ हे लढाऊ विमान विकसित करताना त्यांनी तीन आठवड्यांचे स्प्रिंट वापरले. पण त्यातली खरी शिकण्यासारखी गोष्ट सकाळची होती: साडेसातला प्रत्येक गट आपली बैठक घेई, तिथे न सुटलेली अडचण पायरी पायरी वर चढे आणि पावणेनऊपर्यंत सगळ्यात वरच्या लोकांसमोर येई. सव्वा तासात. विमान बनायला वर्षं लागली तर लागू देत, अडचणीला वर जायला वर्षं लागू नयेत. गव्हाच्या केंद्रातही हेच असतं. वाण दहा वर्षांनी येतो, पण तांबेरा आला का हे बघायला माणूस रोज ओळीतून फिरतो. निकाल लांब असतो तिथे नजर जवळ ठेवावी लागते.

मात्र अडचण वर चढण्यासाठी आधी कुणीतरी ती उच्चारावी लागते, आणि आपल्याकडे घोडं तिथे अडतं. रेट्रोमध्ये साहेब बसलेले असतात. ते म्हणतात, मोकळेपणाने बोला. मग सगळे मोकळेपणाने एअर कंडिशनरबद्दल बोलतात. ‘अहो’ म्हणून ज्यांना हाक मारतो त्यांना ‘तुमचा निर्णय चुकला’ हे चारचौघांत सांगण्याची आपली रीत नाही, आणि ती एका कार्यशाळेत बदलत नाही. लेखिका म्हणतात, मग ती बदलण्याची वाट न बघता रेट्रोच बदला. आधी चिठ्ठ्या, नाव न घालता. मग जोडीजोडीने बोलणं. आणि सगळ्यात आधी साहेबांनी स्वतःची गेल्या पंधरवड्यातली एक चूक, खरीखुरी, सांगायची. मी स्वतः साहेब होतो तेव्हा हे केलं असतं तर यार्डातला तो कारकून मला अकराव्या स्प्रिंटनंतर भेटला नसता. आमच्या संघातली एक नवखी मुलगी तिसऱ्याच आठवड्यात म्हणाली होती की आपण लिलाव बघून यायला हवं. मी तिला म्हणालो होतो, बॅकलॉगमध्ये टाक.

इथे निफाडच्याच एका माणसाची आठवण काढतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा, इथला. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. इंग्लंडात तयार झालेले अर्थशास्त्राचे सिद्धांत सर्व देशांना, सर्व काळांना सारखे लागू पडतात हे त्यांना मान्य नव्हतं. ते ज्या समाजाला गृहीत धरून मांडले गेले तो समाज वेगळा, आपला वेगळा. तेव्हा इथली परिस्थिती पाहून ते तपासले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पाश्चात्त्य विद्या झिडकारली नाही आणि डोक्यावरही घेतली नाही. शंभराहून जास्त वर्षांनी, २०१२ मध्ये, स्पॉटिफाय कंपनीतल्या दोघांनी आपल्या संघांची रचना वर्णन करणारा एक लेख लिहिला. त्यातच त्यांनी स्पष्ट केलं होतं की हा आमच्या आत्ताच्या घडीचा फोटो आहे, वाट अजून चालतोय. तरी जगभरच्या कंपन्यांनी तो फोटो चौकटीत बसवून भिंतीला टांगला आणि आपापल्या विभागांना ‘स्क्वॉड’ आणि ‘ट्राइब’ अशा पाट्या लावल्या. आपल्याकडेही लागल्या. पाट्यांखालची माणसं, त्यांचे पगार, त्यांचे साहेब, सगळं होतं तिथेच. रानड्यांना यात नवल वाटलं नसतं.

आजचा काळ आणखी वेगळा आहे आणि पुस्तकाचा शेवटचा तिसरा भाग त्यावर आहे. एक तर प्रकल्प संपतो, प्रॉडक्ट संपत नाही. बाग लावली की पंधरा वर्षं सांभाळायची असते. दर हंगामाला नवी टोळी आणून चालेल, पण बाग ओळखणारा माणूस तोच हवा. संघ मोडून माणसं दुसरीकडे हलवणाऱ्या कंपन्यांनी हे प्रकरण दोनदा वाचावं. दुसरं, आता पंधरवड्याची वाट बघायचं कारण उरलेलं नाही. वस्तू दिवसातून दहादा गिऱ्हाइकाच्या हाती देता येते, थोड्याच जणांना देऊन बघता येते, बिघडली तर मागे घेता येते. आमच्याकडे सगळी बाग एकाच दिवशी छाटत नाहीत. प्लॉट पुढेमागे ठेवतात. २०२३ च्या नोव्हेंबराअखेर गारपीट झाली तेव्हा तिचा फटका प्लॉट कुठल्या अवस्थेत आहे त्याप्रमाणे कमीजास्त बसला. ज्याने सगळं एका तारखेला छाटलं होतं त्याचं काय झालं ते सांगायला नको.

आणि तिसरं, यंत्राने लिहिलेला कोड. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतर जिथे दिवस लागायचा तिथे कोडाचा पहिला खर्डा तासात पडायला लागला. माझे तरुण मित्र विचारतात, आता स्प्रिंट कशाला, संघ तरी कशाला? मला वेल आठवते. वेल फुटवा देताना कधी हात आखडत नाही. एका काडीवर नको तितके फुटवे येतात, सगळे हिरवेगार, सगळे जोमदार. त्यांतले कोणते ठेवायचे आणि फेलफूट म्हणून कोणते काढायचे, यातच बागायतदाराचा कस लागतो. न काढले तर पानांचं जंगल होतं आणि घडापर्यंत ना ऊन पोचतं ना फवारा. लिहिणं स्वस्त झालं म्हणून वाचणं, तपासणं, नाही म्हणणं महाग झालंय. लेखिकेने या भागात घाईने भाकितं केलेली नाहीत. एक-दोन ठिकाणी मला त्या जरा जास्तच सावध वाटल्या, पण दर सहा महिन्यांनी ज्याची तऱ्हा बदलते त्या विषयावर छापील पुस्तक लिहिणाऱ्याला तेवढी सूट द्यायला हवी.

पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचू नका, असं माझं सांगणं आहे. करारात अडकला असाल तर सातवं प्रकरण आधी घ्या, रेट्रोत कुणी बोलत नसेल तर चौथं. त्यातली एकच गोष्ट निवडा, दोन आठवडे करून बघा, जमली नाही तर सोडा. आणि प्रमाणपत्राची परीक्षा डोक्यात ठेवून हे विकत घेतलं असेल तर दुकानदाराला परत करा, अजून नवं कोरं आहे तोवर.

परिशिष्टातल्या तक्त्यांवरही चार ओळी लिहायच्या होत्या. पण रात्रीचे पावणेतीन वाजलेत, खिडकीबाहेर टांगलेला पारा साडेसहावर आलाय आणि तात्यांची बॅटरी बांधावरून हलताना दिसतेय. ते हाक मारणार नाहीत. पलीकडच्या प्लॉटमध्ये गेल्याच आठवड्यात पाणी उतरलंय.

निफाड, जानेवारी